ठराव क्रमांक चार

मोंढ्यात, हरभऱ्याच्या पोत्यांवरच्या माळ्यात
आम्ही सातजण बसलो होतो
आणि परिषद कशावर घ्यायची ते ठरत नव्हतं.
घ्यायची, एवढं ठरलं होतं.
उदगिरातल्या कार्यालयाला अकराशे इसारही दिला होता.

जुनी उर्दू दफ्तरं वाचणारे जिल्ह्यात उरलेत किती?
हमीदोद्दीन सरांनी बोटं मोजली,
अंगठ्यापाशी थांबले.
"हे मागल्या महिन्यात गेले," म्हणाले,
आणि अंगठा दुमडला.

मन्मथअप्पा बिडवे म्हणाले, विषय भारदस्त पाहिजे.
'अभिलेख : काल, आज आणि उद्या.'
त्यावर कुणी काही बोललं नाही.
खाली हमालानं पोतं टाकलं, माळा हलला.

उद्घाटन, बीजभाषण, चर्चासत्र एक, चर्चासत्र दोन,
जेवण, समारोप.
खडूनं फळ्यावर लिहिलं तेव्हा
ते कुणाच्याही परिषदेचं वाटत होतं,
दंतवैद्यांच्यासुद्धा.

पाहुणा पुण्याचा का हैदराबादचा,
यात मुरमुऱ्यांचा सुशीला गार झाला.
शाली किती, यावर पाऊण तास.
मी इतिवृत्तात लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

मग जिन्यावर काठी वाजली.
धुरपतबाई, देवणीकडच्या.
खताच्या पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकात धडपा,
धडप्यात कागद चार घड्यांचा,
घडीघडीतून पलीकडचा उजेड दिसणारा.
"हितं वाचित्यात म्हनं."

सरांनी खडूचे हात विजारीला पुसले.
नसरीननं मोबाइलचा दिवा धरला.
अमक्याचा मुलगा तमका, मौजे, परगणा,
आणि मग दोन शब्द : चाह. नीम.
चाह म्हणजे विहीर, इथवर सगळे एक.
"नीम म्हणजे निम्मं," अप्पा म्हणाले, "बाईचा अर्धा वाटा."
"नीम म्हणजे लिंब," सर म्हणाले, "लिंबाची विहीर. अख्खी."
दोन्ही एकाच अक्षरांत, रेघेचाही फरक नाही.
"आधी टिंब तर बघा," तुळजादास पांचाळ म्हणाला,
"टिंब हाय का माशी बसून गेली?"

भिंग आलं. दुसरं भिंग आलं.
शालींवर अवाक्षर न काढलेले
एकमेकांच्या खांद्यावरून वाकून भांडू लागले.
औशाच्या एका सनदेतला न लागलेला शब्द
बावीस वर्षं घेऊन फिरतोय, म्हणाला तुळजादास,
आणि खरंच खिशातून चिठ्ठी काढली,
तंबाखूच्या वासाची.

नसरीन म्हणाली, हेच घ्या की.
काय हेच?
न लागलेले शब्द. ज्यानं त्यानं आपापला आणायचा.
व्यासपीठ नको. टेबलं मांडा, उन्हाच्या खिडकीशी.
कागदवाला या बाजूला, वाचणारा त्या बाजूला.
"आणि दिवसभरात लागलाच नाही तर?"
खजिनदारानं विचारलं, कारण पावत्या त्याला फाडायच्या होत्या.
"तर लागला नाही असं लिहायचं. सही करायची."
सर बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले.
"हौ," म्हणाले.

अप्पा म्हणाले, दीपप्रज्वलन तेवढं राहू द्या.
राहू दिलं.

मी ठराव लिहिला, क्रमांक चार, सर्वानुमते.
बाई उभीच होती.
"मंग माज्या कागदाचं?"
"अठरा फेब्रुवारीला या. पहिलं टेबल तुमचं."
"मोजनीवाला उद्याच येतुय, सर."

खाली शटर ओढल्याचा आवाज झाला.
सरांनी काढलेला चष्मा परत घातला.
"विहिरीवर लिंब आहे का, बाई?"
ती आठवत राहिली.
"बुंधा हाय," म्हणाली.
"कशाचा, ते म्या नांदाया आले तवाबी
कुनाला ठाव नव्हतं."